मॉनिटरच्या कडेच्या चिठ्ठ्या: ऑफिसातलं किचकट सॉफ्टवेअर वापरण्याजोगं कसं करायचं

संध्याकाळचे पाच. चाकणच्या पट्ट्यातल्या एका सुट्या भागांच्या कारखान्याचं डिस्पॅच ऑफिस. गेटवर चार गाड्या लागलेल्या, एक ड्रायव्हर खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकून उभा, आणि आत ताई भराभर चलनं काढतायत. त्यांच्या मॉनिटरच्या कडेने पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. एकीवर लिहिलेलं, ‘टाइप ०७ च, ०९ नाही.’ दुसरीवर, ‘जकात नं. - ० टाकणे.’ तिसरीवर, ‘सेव्ह केल्यावर थांबणे. दोनदा दाबू नये.’ मी मोबाइलवर फोटो काढायला लागले तशा त्या म्हणाल्या, “मॅडम, त्या काढून टाकू नका हं. त्या गेल्या तर माझं काम अडेल.”

ऑफिसातल्या अंतर्गत सॉफ्टवेअरची नव्याने मांडणी कुठून सुरू करायची, याचं उत्तर मला त्या चिठ्ठ्यांनी दिलं. बाजारातलं एखादं ॲप आवडलं नाही तर माणूस ते काढून दुसरं घेतो. डिस्पॅचच्या ताईंना ती सोय नाही. रोज आठ तास, वर्षानुवर्षं, तीच स्क्रीन. मग त्या आपल्या परीने ती दुरुस्त करतात: चिठ्ठी लावतात, बाजूला एक्सेलची फाइल उघडून ठेवतात, जुनी वही जपतात. या दुरुस्त्या वाचायच्या आणि सॉफ्टवेअरच्या आत न्यायच्या, हे आपलं काम. मी सगळं डिस्पॅचच्या उदाहरणावर सांगणार आहे, पण पतसंस्थेतलं कर्जखातं असो, दवाखान्यातलं बिलिंग असो की कॉलेजातले प्रवेश, क्रम हाच ठेवा.

शेजारी खुर्ची टाका

मीटिंग बोलावून ‘तुम्हाला काय काय हवंय’ असं विचारू नका. मीटिंगला विभागप्रमुख येतात. एंट्री मारणाऱ्या माणसाला काउंटर सोडता येत नाही, आणि आलंच तरी ते साहेबांसमोर ‘चाललंय की सगळं ठीक’ म्हणून गप्प बसतं. त्यापेक्षा खुर्ची उचला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसा. वेळ गर्दीचीच निवडा. डिस्पॅचला संध्याकाळी चार ते सात, अकाउंट्सला महिनाअखेर. निवांत दुपारी कुठलंही सॉफ्टवेअर बरं चालतं.

साहेब मागे उभे असले की प्रत्येकजण नियमाप्रमाणे काम करून दाखवतो, म्हणून त्यांना आधीच विनंती करून लांब ठेवा. बसण्याआधी स्पष्ट सांगा: “मी तुमचं काम तपासायला आलेले नाही, सॉफ्टवेअर तपासायला आलेय. तुमचं नाव कुठल्याच रिपोर्टमध्ये येणार नाही.” हा शब्द काटेकोर पाळा. एकदा मोडलात तर त्या ऑफिसात पुन्हा कुणी तुम्हाला खरं दाखवणार नाही.

बसल्यावर बोलणं कमी, लिहिणं जास्त. नजर स्क्रीनवरून कधी हटते ते लिहा, कारण नजर हटली याचा अर्थ लागणारी माहिती तिथे नाही. कुठला आकडा कुठून बघून पुन्हा टाइप होतो, फोन कधी उचलला जातो, बोटं कुठे थबकतात, तेही लिहा. आमच्या ताई दर चलनाला मागे वळून कपाटाच्या दारावर लावलेली वाहतूकदारांच्या कोडची यादी बघायच्या. वजनकाट्याच्या पावतीवरून वजन टाइप करायच्या. माल निघाला की प्लॅनिंगला फोन लावून तसं सांगायच्या. सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत यातलं काहीच नव्हतं.

‘हे असं का करता?’ हा प्रश्न टाळा, तो जाब विचारल्यासारखा लागतो. त्याऐवजी मी विचारते, “उद्या तुमच्या जागी मी बसले तर मला काय काय सांगाल?” या एका प्रश्नावर माणसं खुलतात. अमुक पार्टीला दोन प्रती लागतात, अमुक गाडीवाल्याचा नंबर नेहमी उशिरा येतो, शनिवारी दुपारनंतर रेट बदलता येत नाही, अशा सगळ्या न लिहिलेल्या नियमांची यादी आपोआप तयार होते.

किमान तीन तऱ्हांची माणसं बघा: दहा वर्षं मुरलेलं, तीन महिन्यांपूर्वी लागलेलं, आणि ज्याच्या हातात या कामाचं फळ पडतं ते. आमच्याकडे तिसरे होते गेटवरचे काका. त्यांनी आयुष्यात ते सॉफ्टवेअर उघडलं नव्हतं, पण छापलेलं चलन हीच त्यांची स्क्रीन. त्यांना बघायचा असतो गाडीचा नंबर आणि पेट्यांची संख्या. दोन्ही गोष्टी खाली डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेल्या. काका चष्मा कपाळावर सरकवायचे, कागद दिव्याखाली धरायचे, आणि शेवटी ड्रायव्हरलाच विचारायचे, “किती पेट्या रे?”

प्रत्येक रकान्याची चौकशी करा

आता डेव्हलपरसोबत बसायचं. गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी काढा आणि प्रत्येक रकान्यापुढे लिहा: किती वेळा भरला गेला, आणि त्यात वेगवेगळ्या किती नोंदी आल्या. एकच नोंद सतत येत असेल तर ती आधीच भरून ठेवा, वेगळं असेल तेव्हा माणूस बदलेल. ‘०’, ‘.’, ‘एनए’, ‘१२३’ अशा नोंदींनी भरलेला रकाना म्हणजे सक्तीचा केलेला, पण कुणालाच न लागणारा रकाना.

जकातीचा रकाना तसाच होता. मुंबईतली जकातसुद्धा जीएसटी आला त्या दिवशी, १ जुलै २०१७ ला, बंद झाली. सॉफ्टवेअरमधला रकाना मात्र सक्तीचा राहिला, आणि पुढची कित्येक वर्षं प्रत्येक चलनावर कुणीतरी त्यात शून्य टाकत राहिलं. नव्या माणसाला शिकवतानाही ‘इथे शून्य टाकायचं’ असंच शिकवलं जायचं.

पण कमी वापरला जातो म्हणून रकाना लगेच उडवू नका. अकाउंट्स, ऑडिट, क्वालिटी, तिघांना विचारा. बॅच नंबरचा रकाना आमच्याकडे क्वचित भरला जायचा, पण ग्राहकाकडून तक्रार आली की क्वालिटीवाले सगळ्यात आधी तोच शोधायचे. असे रकाने पहिल्या स्क्रीनवरून काढून ‘जास्तीची माहिती’ या घडीत ठेवा. रकाना कुणी मागितला, कशासाठी आणि कधी, याची एक साधी एक्सेल ठेवा. पाच वर्षांनी तुमच्या जागी येणारा माणूस दुवा देईल.

कुठली चूक महाग पडते ते शोधा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. सगळ्या चुका सारख्या नसतात, आणि स्क्रीनवरची जागा चूक किती महाग पडते त्याप्रमाणे वाटायला हवी.

ई-वे बिलाचंच बघा, म्हणजे माल नेताना गाडीसोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचं. आंतरराज्य वाहतुकीला ५०,००० रुपयांवरच्या मालासाठी ते लागतं. त्याचे दोन भाग. भाग ‘अ’ मध्ये पार्टीचा जीएसटी नंबर, इन्व्हॉइस, मालाची किंमत, एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा कोड). भाग ‘ब’ मध्ये गाडीचा नंबर. वाटेत गाडी बिघडली, माल दुसऱ्या गाडीत चढवला, तर भाग ‘ब’ मुदतीच्या आत पुन्हा भरता येतो. भाग ‘अ’ एकदा तयार झाला की त्यात दुरुस्ती नाही. बिल रद्द करून नवं काढायचं, तेही २४ तासांच्या आत, आणि वाटेत अधिकाऱ्याने ते तपासलं असेल तर रद्दही होत नाही.

म्हणजे गाडीच्या नंबरची चूक दोन मिनिटांत निस्तरते, पार्टीची चूक पूर्ण संध्याकाळ खाते. जुन्या स्क्रीनवर काय होतं? गाडीचा नंबर टाकला की ‘तुम्हाला खात्री आहे का?’ अशी पाटी यायची, आणि पार्टीचा मात्र नुसता सहा आकडी कोड, नाव कुठेच नाही. आम्ही उलटं केलं. पार्टी निवडली की नाव, गाव आणि जीएसटी नंबरची शेवटची चार अक्षरं ठळक दिसतात. एकाच नावाच्या दोन शाखा असतील, एक पुण्याची आणि एक नाशिकची, तर गाव नावाच्या आधी येतं. गाडीच्या नंबरची पाटी काढून टाकली.

‘खात्री आहे का?’ या पाटीवर विसंबू नका. दिवसाला नव्वद वेळा ती आली की बोट न वाचता ‘हो’ दाबतं. सिटी बँकेचं प्रकरण इथे मुद्दाम सांगते. ऑगस्ट २०२० मध्ये रेव्हलॉन या कंपनीच्या कर्जाचं साधारण ७८ लाख डॉलर व्याज सावकारांना पाठवायचं होतं. गेले जवळपास ९० कोटी डॉलर, म्हणजे अख्खं मुद्दल. बँकेच्या अंतर्गत वापरातल्या फ्लेक्सक्यूब या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दल बाहेर जाऊ नये म्हणून तीन वेगवेगळ्या खुणा करून तिन्ही ठिकाणी आतल्या खात्याचा नंबर टाकावा लागे. केली गेली एकच. तिघांच्या नजरेखालून व्यवहार गेला, तिघांनीही एक खूण पुरेशी समजली. शेवटी इशारा आला, पण पैसे बँकेबाहेर जातायत एवढंच त्यात होतं, किती जातायत ते नव्हतं. व्याज तर बाहेर जायचंच होतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. बरेचसे पैसे परत मिळवायला कोर्टात जावं लागलं, आणि अपिलात बँकेच्या बाजूने निकाल लागायला सप्टेंबर २०२२ उजाडला. हे सॉफ्टवेअर मूळचं आपल्याकडचं, मुंबईत मुख्यालय असलेल्या आय-फ्लेक्सचं, पुढे ओरॅकलने घेतलेलं. त्या तिघांना निष्काळजी म्हणून मोकळं होता येईल, पण तीच स्क्रीन ठेवली तर चौथं माणूसही तिथेच चुकेल.

म्हणून महागड्या पायरीवर प्रश्न विचारू नका, परिणाम दाखवा. ‘४ चलनं, नाशिक, २३,४०,००० रुपये. पाठवायचं?’ एवढं लिहा. आकडा आपल्या पद्धतीने, लाखाच्या स्वल्पविरामासहित, कारण २३४०००० मधलं एक शून्य डोळ्यांतून सहज निसटतं. आणि जिथे शक्य तिथे ‘मागे घ्या’ची सोय द्या. सेव्ह झाल्यावर पाच मिनिटं चलन परत घेता आलं तर निम्म्या पाट्यांची गरजच उरत नाही.

आता ती तिसरी चिठ्ठी, ‘दोनदा दाबू नये’. सेव्ह व्हायला सहा-सात सेकंद लागायचे आणि तेवढा वेळ स्क्रीनवर काहीच हलायचं नाही. माणूस पुन्हा दाबणारच. एका मालाची दोन चलनं निघायची. एका सेकंदापर्यंतचा उशीर माणूस चालवून घेतो, दहा सेकंदांपुढे लक्ष दुसरीकडे जातं. बटण दाबताक्षणी ‘सेव्ह होतंय’ असा बदल दिसला पाहिजे. पण तेवढ्यावर थांबू नका. फॉर्म उघडतानाच त्याला एक स्वतंत्र क्रमांक द्यायला डेव्हलपरला सांगा, म्हणजे तोच फॉर्म सर्व्हरला दोनदा पोचला तरी चलन एकच निघेल. नेट अडखळलं तरी हे टिकतं.

शब्द त्यांचे ठेवा

स्क्रीनवर ‘कन्साइनी’ होतं, ऑफिसात सगळे म्हणतात ‘पार्टी’. ‘०७’ म्हणजे विक्री आणि ‘०९’ म्हणजे जॉबवर्कसाठी, बाहेरून काम करून घ्यायला, पाठवणी, हे एका चिठ्ठीला माहीत होतं. कोड डेटाबेसमध्ये राहू द्या, स्क्रीनवर शब्द लिहा.

भाषा मराठी की इंग्रजी, यावर वाद घालण्यापेक्षा शेजारी बसून लिहिलेली तुमची वही उघडा आणि माणसं मोठ्याने काय बोलतात ते बघा. ‘चलन’, ‘गाडी नंबर’, ‘पेट्या’, ‘इन्व्हॉइस’, ‘पेंडिंग’. हेच शब्द देवनागरीत घाला. ‘प्रेषणादेश’ असलं काही घडवू नका. शोधताना मात्र ‘शिंदे’ आणि इंग्रजीतलं स्पेलिंग, दोन्हींनी नाव सापडलं पाहिजे, कारण निम्मी माणसं मराठी बोलतात पण टाइप इंग्रजीत करतात. देवनागरीला ओळींमध्ये जागा जास्त लागते. इंग्रजीच्या मापाने ठेवलंत तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींत शिरतात. राखाडी पाट्यांवर फिकट राखाडी अक्षरंही नकोत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात ४.५:१ एवढा तरी फरक (कॉन्ट्रास्ट) ठेवा. धूळ बसलेल्या जुन्या मॉनिटरवर आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात त्याचं महत्त्व कळतं.

चूक दाखवणारा संदेश लिहिताना काय चुकलं आणि आता काय करायचं, दोन्ही लिहा. ‘अवैध नोंद’ ऐवजी ‘गाडी नंबरमध्ये एक आकडा कमी आहे. उदा. एमएच १४ नंतर दोन अक्षरं आणि चार आकडे.’

कागदावर काढून बघा

कोड लिहिण्याआधी कागदावर स्क्रीन काढा. ए-फोरचा आडवा कागद, पेन्सिल, आणि ड्रॉपडाउनसाठी कापलेल्या पट्ट्या. कागद असला की माणसं बिनधास्त चुका दाखवतात. रंगीत तयार स्क्रीन दिसली की ‘छान आहे’ म्हणून मोकळी होतात, एवढी मेहनत केलेल्या माणसाचं मन कशाला मोडा म्हणून.

काम द्या, मत विचारू नका. “चलन निघालंय, आता कळलं गाडी बदलली. काय कराल?” आणि मग गप्प बसा. मदतीला हात पुढे होऊ नये म्हणून मी माझे हात टेबलाखाली ठेवते. माणूस अडखळलं की तिथे कागदावर टिंब द्यायचं. पाच जणांना दाखवलंत की टिंबांचे पुंजके दिसायला लागतात. सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं आहे याचा अभ्यास करणारे याकोब निल्सन आणि थॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेलं गणितही हेच सांगतं, की पहिल्या काही जणांतच बहुतेक अडचणी वर येतात. पण डिस्पॅचचे पाच आणि स्टोअरचे पाच वेगळे धरा, त्यांची कामं वेगळी आहेत. उदाहरणातली पार्टी आणि आकडे खऱ्यासारखे असू द्या. ‘अबक कंपनी, १०० नग’ यावर कुणी अडखळत नाही.

बोटांची सवय मोडू नका

नवीन डिझायनरांची इथे मोठी चूक होते. मोकळी जागा, मोठी बटणं, एकेका पायरीला वेगळी स्क्रीन, हे वर्षातून एकदा फॉर्म भरणाऱ्यासाठी चांगलं. दिवसाला नव्वद चलनं काढणाऱ्याला तो छळ आहे. आपल्याकडच्या कुठल्याही अकाउंटंटला टॅलीवर काम करताना बघा. एफ-८ दाबलं की विक्रीचं व्हाउचर, एंटर-एंटर करत पुढे, माउसला हात नाही आणि नजर बिलावर. नवं सॉफ्टवेअर त्या हातांना मंद करत असेल तर ते कितीही देखणं असो, लोक परत जुन्याकडे जातील.

म्हणून रोजचं काम एका स्क्रीनवर, दाट पण ओळीत लावलेलं ठेवा. रकान्यांचा क्रम हातातल्या कागदाच्या क्रमाने: वजनकाट्याच्या पावतीवर आधी गाडी, मग वजन असेल तर स्क्रीनवरही तसंच. जुने शॉर्टकट जसेच्या तसे चालू ठेवा. आणि पूर्ण चलन माउसला न शिवता काढून बघा, स्वतः, दहा वेळा.

बारकोड स्कॅनर असेल तर आणखी एक खबरदारी. स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्डच वाटतो, आणि बहुतेक स्कॅनर कोड वाचून झाल्यावर शेवटी एंटर पाठवतात. ब्राउझरमध्ये एंटरने फॉर्म सेव्ह होतो. आमच्याकडे चाचणीत पहिली पेटी स्कॅन केली आणि एका पेटीचं चलन निघालं, बाकीच्या अकरा पेट्या जमिनीवर. एंटरने फक्त पुढच्या ओळीत जायचं आणि सेव्हला वेगळी कळ, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

एका रात्रीत बदलू नका

महिनाअखेर, मार्च, आणि दिवाळीआधीचा पंधरवडा या काळात काही सुरू करायचं नाही. एक काउंटर, एक पाळी, तिथून सुरुवात. तिथल्या माणसाला जुन्या स्क्रीनवर परत जायचं बटण द्या आणि ते किती वेळा दाबलं जातं ते मोजा. जिथून लोक परत फिरतात, तिथे काहीतरी राहिलंय. ते दुरुस्त करा, मग दुसरं काउंटर. जुनी स्क्रीन बंद करायची तारीख मात्र ठरवून भिंतीवर लावा, नाहीतर दोन्ही कायमची चालू राहतात आणि डेव्हलपरला दोन संसार सांभाळावे लागतात.

शिकवायला बाहेरचं माणूस आणू नका. ज्या ताईंनी चाचणीत सगळ्यात जास्त खोड काढली, त्यांनाच दुसऱ्यांना शिकवू द्या. वीस मिनिटं, त्या दिवसाच्या खऱ्या चलनांवर. आमच्याकडे त्या शिकवताना अधूनमधून सांगायच्या, “हे मी बदलायला लावलं.” त्या वाक्याने काउंटरवरची नाराजी माझ्या कुठल्याही सादरीकरणापेक्षा लवकर गेली.

वरिष्ठांना पटवायचं तर वेळेचा हिशेब मांडा. दिवसाला ९० चलनं, चलनामागे दीड मिनिट वाचलं तर रोजची १३५ मिनिटं, २६ दिवसांचे साधारण ५८ तास. हे आकडे तुमच्या ऑफिसात घड्याळ लावून मोजा, बदलाआधी आणि बदलानंतर. सोबत रद्द झालेली चलनं आणि आयटीला आलेले फोन मोजा. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा प्रश्नांची एसयूएस चाचणीही घेता येते. सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं वाटतं याचे ती शंभरपैकी गुण देते, फक्त तो आकडा टक्केवारी म्हणून वाचू नका. सरासरी ६८ च्या आसपास धरली जाते.

चालू केल्यावर दीड महिन्याने पुन्हा जा, पुन्हा संध्याकाळी चारला. मी गेले तेव्हा मॉनिटरच्या कडा मोकळ्या होत्या, डिंकाचे पिवळे डाग तेवढे राहिले होते. खाली उजव्या कोपऱ्यात एक नवी चिठ्ठी होती: ‘कोल्हापूरची पार्टी - बिल्टी नंबर आल्यावरच प्रिंट.’ ती मी वहीत उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी डेव्हलपरच्या यादीत सगळ्यात वर टाकली.